दावे कोणी सोडायचे?

शाळेच्या वार्षिकासाठी लेख लिहावयाचा म्हटला, की शिक्षकाच्या लेखणीला काही ठरावीक विषय आपोआप सुचतात. वेळेचे महत्त्व, वाचनाची गोडी, आरोग्य आणि व्यायाम, मातृभाषेची थोरवी. हे विषय जुने झाले म्हणून त्यांची योग्यता कमी झाली, असे आम्ही मुळीच मानीत नाही. तथापि यंदा आम्ही थोड्या निराळ्या विषयाकडे वळत आहोत. पूर, वणवा, वादळ यांसारखी आपत्ती ओढवली असता आपल्या घरातील गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर यांचे काय करावे, आणि ज्यांचा जीव या मुक्या प्राण्यांत गुंतलेला असतो त्या माणसांना कोणी व कसे साहाय्य करावे, हा तो विषय होय. तो कोणास क्षुल्लक वाटेल. आम्हांसही एके काळी तसाच वाटत असे. तो तसा नाही, हे आम्हांस ज्या रात्री कळले त्या रात्रीची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. कारण त्या हकीकतीत चूक आमची होती.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यातील महापूर आपल्या वाचकांच्या स्मरणात असेलच. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, एकूण एक नद्यांनी त्या पंधरवड्यात आपले काठ सोडले होते. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांत गावेच्या गावे पाण्याखाली गेली. आम्ही त्या वेळी नोकरीस नवे होतो. मूळचे आम्ही गोव्याकडचे, घरची बोली कोंकणी. या मुलखातील पुराची आम्हांस कल्पना नव्हती. नदीकाठच्या एका गावातील शाळेत पूरग्रस्तांसाठी निवारा उघडला होता. इकडे त्यास ‘गंजी केंद्र’ म्हणतात. फाटकाशी बसून आत येणाऱ्यांची नावे वहीत उतरून घेण्याचे काम आमच्याकडे आले.

रात्री नऊच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ कमरेपर्यंत भिजलेले असे आले. हातात एक गाठोडे, आणि दुसऱ्या हातातील सुताच्या दोरीला तांबूस रंगाचे, एका कानाचा शेंडा तुटलेले गावठी कुत्रे. आम्ही म्हटले, “आजोबा, कुत्र्याला आत घेता येणार नाही. त्याला फाटकाबाहेर बांधा आणि तुम्ही आत या.” वृद्धाने एकवार आमच्याकडे आणि एकवार कुत्र्याकडे पाहिले. “मास्तर, ह्यो भाईर ऱ्हायला तर मीबी भाईरच,” एवढेच ते बोलले. आम्हांस तो हट्ट वाटला. पाठीमागे माणसांची रांग होती, पाऊस कोसळत होता, वर्गांत पाय ठेवण्यास जागा उरली नव्हती. आम्ही पुढच्या माणसाचे नाव विचारले. थोड्या वेळाने मान वर करून पाहतो, तो वृद्ध तेथे नव्हते. ते आल्या वाटेने पाण्यात परत गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घराच्या माळ्यावरून नावेने काढावे लागले. कुत्रे त्यांच्या मांडीवर होते. वृद्ध तापाने फणफणले होते, पण वाचले. त्यांना आणण्यासाठी दोन जवान आणि एक नावाडी यांनी वाहत्या पाण्यात आपला जीव धोक्यात घातला होता. ते फाटकाजवळ उतरले तेव्हा आम्ही मनाशी हिशेब केला. एका कुत्र्याला आत घेतले नाही, म्हणून चार माणसांचे प्राण टांगणीस लागले. आणि हा तोटा ज्या वहीत मांडावयाचा ती वही आमच्याच हातात होती.

प्रस्तुत लेखाचा सारा सिद्धान्त या हिशेबात आहे. आपत्तीच्या वेळी प्राणी वाचविणे हा माणसे वाचविण्याहून वेगळा उद्योग आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो त्याच कामाचा एक भाग आहे. ज्याच्या दावणीला दोन म्हशी बांधलेल्या आहेत, ज्याच्या उशाशी मांजर निजते, तो मनुष्य त्यांना सोडून घराबाहेर पडत नाही. आणि पडलाच तर परत जातो. हा आमचा एकट्याचा तर्क नव्हे. जगाने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘कॅटरिना’ नावाचे चक्रीवादळ आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोकांना नेण्यासाठी ज्या बसगाड्या आल्या त्यांत प्राण्यांना घेण्याची मनाई होती. एका लहान मुलाच्या हातून त्याचे पांढरे कुत्रे पोलिसाने काढून घेतले. तो मुलगा ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ अशा हाका मारीत इतका रडला की त्याला ओकारी झाली. ही बातमी वृत्तपत्रांतून सर्व देशभर गेली आणि लोकांच्या मनाला चटका लावून गेली. पुढे जी पाहणी झाली तीत असे आढळले, की जे लोक वादळापूर्वी शहर सोडून गेले नाहीत त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांच्या न जाण्यामागे पाळीव प्राण्यांना सोडून जाण्याची अनिच्छा हे एक कारण होते. तेव्हा त्या देशाच्या सरकारचे डोळे उघडले. ऑक्टोबर २००६ मध्ये तेथे एक कायदा संमत झाला. आपत्तीच्या योजनेसाठी केंद्राचे साहाय्य हवे असेल, तर राज्यांनी व शहरांनी पाळीव प्राणी असलेल्या कुटुंबांचा व आंधळ्या-अपंगांना साहाय्य करणाऱ्या प्राण्यांचा विचार आपल्या योजनेत केलाच पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले.

अग्नीची गोष्ट पाण्याहून भयंकर. पूर हळूहळू चढतो, वणवा धावत येतो. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज नावाच्या डोंगरावरील गावाजवळ विजेच्या जुन्या तारांतून ठिणगी पडली. कोरडे गवत आणि सुसाट वारा यांच्या संगतीने काही तासांत ते गाव जवळजवळ सर्वस्वी भस्मसात झाले. ८५ माणसे मृत्युमुखी पडली. १८,००० हून अधिक इमारती जळाल्या. अनेक लोक त्या सकाळी कामावर गेलेले होते. पोलिसांनी रस्ते बंद केल्यावर त्यांना घराकडे परतता आले नाही, आणि घरात त्यांचे प्राणी अडकून राहिले. मॅडिसन नावाचा एक कुत्रा सुमारे महिनाभर आपल्या जळून गेलेल्या घराच्या राखेपाशी राखण करीत बसला होता. एका दयाळू स्वयंसेविकेने त्याला अन्नपाणी ठेवले, मालकाच्या वासाचे एक वस्त्र तेथे नेऊन ठेवले. अखेर डिसेंबरच्या आरंभी मालकीण परत आली, तेव्हा तो तेथेच होता. घर नव्हते, दार नव्हते, राखण्यासारखे काही उरले नव्हते. तरी तो आपले काम करीत होता.

त्याच आगीत भाजलेल्या कुत्र्यामांजरांवर डेव्हिस येथील विद्यापीठातील पशुवैद्यांनी जे उपचार केले ते शास्त्राची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. तिलापिया नावाच्या माशाची त्वचा निर्जंतुक करून त्यांनी भाजलेल्या पंजांवर पट्टीसारखी बांधली. या त्वचेत कोलॅजन नावाचे द्रव्य असते. त्याने जखम झाकली जाते, वेदना कमी होतात आणि नवी त्वचा येण्यास साहाय्य होते. ब्राझीलमध्ये भाजलेल्या माणसांवर हा उपाय आधी करण्यात आला होता. माशाची कातडी, माणसाचे ज्ञान आणि मांजराचा पंजा, ही तिन्ही एका ठिकाणी येऊन एक जीव बरा झाला, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

योजना नसली म्हणजे भले लोकही किती क्रूर होऊ शकतात, याचा दाखला इंग्लंडच्या इतिहासात आहे. १९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. बाँबहल्ल्याच्या भीतीने सरकारने जी पत्रके काढली होती त्यांत प्राण्यांना खेड्यांत पाठवावे, आणि ते शक्य नसल्यास त्यांना मारविणे हाच दयेचा मार्ग होय, अशा अर्थाची सूचना होती. परिणाम असा झाला, की पहिल्याच आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख कुत्री-मांजरी त्यांच्या मालकांनी मारवून घेतली. लंडनवर बाँबचा वर्षाव तर पुढे वर्षभराने सुरू झाला. जे लोक आदल्या दिवशी त्या प्राण्यांना मांडीवर घेऊन बसत होते, तेच दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन दवाखान्यासमोर रांगा लावून उभे होते. ते दुष्ट नव्हते. ते घाबरलेले होते, आणि त्यांना दुसरी वाट कोणी दाखविलेली नव्हती.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता काय? केला होता. महाभारतात खांडववन जळते त्या वेळी जरिता नावाच्या पक्षिणीची कथा येते. चार पिल्ले आहेत, त्यांना अद्याप पंख फुटलेले नाहीत, आणि आग जवळ येत आहे. ती त्यांना उंदराच्या बिळात शिरावयास सांगते. पिल्ले म्हणतात, बिळात उंदीर खाईल, त्यापेक्षा अग्नी बरा. आई, तूच उडून जा. त्या पक्षिणीच्या मनाचे जे दोन तुकडे झाले तेच आजही वणव्यापासून पळणाऱ्या प्रत्येक गृहस्थाच्या मनाचे होतात. त्याच महाभारताच्या अखेरीस धर्मराज स्वर्गाच्या दाराशी उभा आहे. इंद्र म्हणतो, कुत्र्याला सोड आणि आत ये. धर्मराज नकार देतो. जो आपल्या आश्रयास आला त्याला सोडून मिळणारा स्वर्ग त्याला नको आहे. आम्ही ही कथा वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. परंतु त्या रात्री फाटकापाशी आपण इंद्राच्या जागी बसलो आहोत आणि समोर भिजलेला धर्मराज उभा आहे, हे आमच्या ध्यानात आले नाही. कथा पाठ असणे आणि कथा ओळखणे यांत अंतर असते, ते असे.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की जेथे माणसांनाच जागा नाही तेथे जनावरांचे लाड कोणी करावे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मनुष्याचा प्राण प्रथम. नावेत एकाच जिवाला जागा असेल तर ती मुलाला मिळाली पाहिजे, वासराला नव्हे. याविषयी वाद नाही. पण हा निवाडा शेवटच्या घटकेचा आहे. आदल्या आठवड्यात, आदल्या महिन्यात योजना केली असती तर ती शेवटची घटका कितीतरी घरांत आलीच नसती. गुरांसाठी उंचावर एक मांडव उभारण्याने माणसांची जागा कमी होत नाही. उलट, गुरे सुरक्षित आहेत हे कळल्यावर त्यांचा धनी मुकाट्याने नावेत बसतो.

दुसरा आक्षेप रोगराईचा. दाटीच्या जागी कुत्री-मांजरे आणली तर चावण्याची, रोग पसरण्याची भीती. ही भीती खोटी नाही. आणि म्हणूनच त्यांना वर्गात माणसांच्या अंथरुणांत नव्हे, तर वेगळ्या आडोशाला, बांधून, नोंद करून ठेवावे असे आमचे म्हणणे आहे. ज्या कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर टोचली आहे त्याच्यापासून निवाऱ्यातील माणसांना त्या रोगाचे भय राहत नाही. आणि प्राण्यांना मरू दिल्याने रोगराई टळते, असे तर मुळीच नाही. पूर ओसरल्यावर गोठ्यागोठ्यांतून कुजलेली जनावरे काढण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना याविषयी अधिक सांगणे नको.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलून दाखवीत नाही, पण मनात बाळगतो: शेवटी ते जनावरच, गेले तर दुसरे घेता येईल. गाय-म्हैस ही गरीब घराची बँक असते, तिच्या दुधावर मुलांच्या वह्या येतात, हे एक उत्तर झाले. परंतु याहून मोठे उत्तर दुसरे आहे. रानातील हरणाला वणव्यातून पळण्यास चार पाय आहेत. आपल्या गोठ्यातील गाईलाही चार पाय आहेत. पण तिच्या गळ्यात दावे आहे, आणि ते आपण बांधलेले आहे. कुत्र्याच्या गळ्यात साखळी आहे, शेळ्यांच्या वाड्याला कडी आहे, पोपटाच्या पिंजऱ्याला दार आहे. ज्याने बांधले त्यानेच सोडावयाचे, हा साधा न्याय आहे. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यानेही ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या हिताची जबाबदारी टाकली आहे, आणि भूक-तहानेने तळमळावे अशा स्थितीत विनाकारण त्याला टाकून जाणे हा अपराध ठरविला आहे. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे तर आपल्या संविधानाने सांगितलेल्या मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे.

हे सर्व दूरदेशीचे आणि ग्रंथांतले झाले, असे कोणी म्हणू नये. २३ जुलै २०२१ रोजी म्हादईच्या पुराने गोव्यातील सत्तरी व डिचोली या भागांत जो हाहाकार उडविला, तसा पूर गोव्याने १९८२ नंतर पाहिला नव्हता. ती म्हादई आपल्या खानापूर तालुक्यातच उगम पावते. मार्च २०२३ मध्ये त्याच म्हादईच्या अभयारण्यात वणवे पेटले, आणि ते विझविण्यास नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे पाण्याच्या मोठमोठ्या बादल्या लटकावून आणावी लागली. आमच्या कोंकणीत जनावरांना ‘गोरवां’ म्हणतात. त्या दिवसांत गावाकडे दूरध्वनी केला, की घरच्या माणसांच्या कुशलाआधी तोंडातून प्रश्न निघे, गोरवां खंय आसात? गुरे कोठे आहेत? वणवा डोंगरावर होता. पण चरावयास गेलेली गुरेही डोंगरावरच होती.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या अल्प अनुभवातून आणि जाणकारांकडून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

प्रथम तयारीची गोष्ट. ज्या घरात प्राणी आहे त्या घरात पावसाळ्यापूर्वी एक पिशवी भरून ठेवावी. तीत मजबूत दोरी किंवा साखळी, पाण्याचे भांडे, चार-पाच दिवस पुरेल असे कोरडे खाद्य, लस टोचल्याचा दाखला, नेहमीचे औषध असल्यास ते, आणि मालकासह काढलेले त्या प्राण्याचे छायाचित्र असावे. छायाचित्राचा उपयोग असा, की ताटातूट झाल्यास ‘हे कुत्रे माझे’ हे सिद्ध करता येते. गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक पक्क्या शाईने लिहावा. मांजरासाठी झाकणाची टोपली लागते. आणि त्या टोपलीत बसण्याची सवय त्याला आधीपासून लावली पाहिजे, कारण घाबरलेले मांजर ऐन वेळी कपाटाखालून निघत नाही. धोक्याची पहिली सूचना मिळताच त्याला एका लहान खोलीत बंद करून ठेवावे, म्हणजे शोधण्यात वेळ जात नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. माणसांनी निघण्याआधी गुरे निघाली पाहिजेत. पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागल्यावर म्हशी हलविणे फार कठीण असते. वणव्याचा धूर दिसू लागल्यावर शेळ्यांचा कळप सैरावैरा होतो. म्हणून कोणाची गुरे कोणत्या उंच माळावर न्यावयाची हे गावाने उन्हाळ्यातच ठरवावे. पाखरांची फुप्फुसे धुराला फार लवकर बळी पडतात. पिंजऱ्यातील पक्षी सर्वांच्या आधी हलवावेत. आगीच्या प्रसंगी जनावरांच्या तोंडावरील नायलॉनची म्होरकी व दोऱ्या काढून टाकाव्यात, कारण तापल्यावर त्या वितळून कातडीला चिकटतात.

तिसरी गोष्ट दाव्याची. समजा, काही केल्या जनावर बरोबर नेता आले नाही. तर निदान त्याला बांधून ठेवून जाऊ नये. दावे सोडावे, वाड्याचे दार उघडावे आणि ते परत मिटणार नाही असे अडकवून ठेवावे. सुटलेले जनावर आपल्या बुद्धीने उंचवटा गाठण्याचा प्रयत्न करते. बांधलेल्याला तेवढाही आधार नसतो. गावाबाहेर पडताना मागे राहिलेल्या प्राण्यांची माहिती पंचायतीला, जवानांना किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला अवश्य द्यावी. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क साधता येतो. हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास खडूचा एक तुकडा पुरे.

चौथी गोष्ट नंतरच्या दिवसांची. भाजलेल्या पायावर बर्फ चोळू नये, तेल-हळद थापू नये. गार स्वच्छ पाणी हळूहळू ओतावे, स्वच्छ ओल्या फडक्याने झाकावे आणि पशुवैद्याकडे न्यावे. वणवा विझल्यावर जमीन वरून थंड दिसली तरी राखेखाली निखारे असतात. प्राण्याला तीवरून चालवू नये. पुराच्या पाण्यात उंदरांचे व जनावरांचे मूत्र मिसळलेले असते, त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसांना व प्राण्यांना दोघांनाही होतो. तेव्हा ते पाणी प्राण्यांना पिऊ देऊ नये, आणि पायाला जखम असता आपणही त्यात उतरू नये.

आणि पाचवी गोष्ट खास विद्यार्थ्यांसाठी, तीही आज्ञेच्या स्वरात. मुलांनो, तुमचे कुत्रे किंवा वासरू मागे राहिले आहे म्हणून पुराच्या पाण्यात किंवा पेटत्या रानात कोणीही एकट्याने परत जावयाचे नाही. मोठ्या माणसांना सांगावयाचे, आणि मोठ्या माणसांनी ते ऐकावयाचे. मुलाची ती विनवणी ‘जाऊ दे रे, कुत्र्याचे काय’ असे म्हणून उडवून लावली, तर मूल डोळा चुकवून परत जाईल. त्या जाण्याचा दोष मग मुलाचा राहत नाही.

घराचे कर्तव्य झाले, आता शाळेचे. आपत्ती आली की सर्व गाव शाळेकडे येते. गावातील पक्की, मोठी, उंच जागेवरील इमारत बहुधा शाळेचीच असते. म्हणून आमची अशी सूचना आहे, की प्रत्येक शाळेने जून महिन्यात आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून गल्लीवार एक यादी करून घ्यावी: कोणत्या घरी गुरे किती, कुत्री-मांजरे किती, लस टोचली आहे की नाही, आणि कोणत्या घरी वृद्ध माणूस एकटा प्राण्याच्या सोबतीने राहतो. यांतील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ही यादी भूगोलाच्या वहीतील नकाशाइतकीच शैक्षणिक आहे. पशुवैद्यकीय खात्याला विनंती करून शाळेच्या आवारात लस टोचण्याचा एक दिवस ठरवावा. मैदानाच्या कोपऱ्यात गुरांसाठी मांडवाची जागा, आणि सायकलींच्या शेडमध्ये लहान प्राण्यांची जागा आधीच मुक्रर करून ठेवावी. यासाठी लागणारा खर्च स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावरील रोषणाईपेक्षा अधिक होणार नाही, अशी आमची खात्री आहे.

२०२१ च्या जुलैत याच नद्यांना पुन्हा पाणी चढले. मुख्याध्यापकांस आम्ही आमची जुनी चूक सांगितली होती. त्यांनी एका शब्दाने सायकलींची शेड मोकळी करून दिली. मुलांनी विटा मांडल्या, गोणपाटे अंथरली, दोऱ्यांना चिठ्ठ्या बांधल्या. संध्याकाळपर्यंत तेथे नऊ कुत्री, चार मांजरे आणि टोपलीखाली झाकलेल्या कितीतरी कोंबड्या आल्या. भुंकणे, ओरडणे, भांडणे सर्व काही झाले. नाही असे नाही. एका कुत्र्याने एका मुलाचे पायताण पळविले. परंतु त्या रात्री आमच्या फाटकातून कोणीही परत गेले नाही.

सर्वांत शेवटी ते वृद्ध गृहस्थ आले. कुत्रे आता थोराड झाले होते. तुटक्या कानावरून आम्ही ते ओळखले. फाटक सताड उघडे होते, तरी ते दोघे बाहेरच पावसात थांबले. दोन वर्षांपूर्वी जे ऐकावे लागले ते वृद्ध विसरले नव्हते. “या आजोबा, दोघेही या,” असे म्हणून आम्ही पुढे झालो आणि दोरी त्यांच्या हातून आपल्या हाती घेतली. ते काही बोलले नाहीत. आमची क्षमा झाली की नाही, हे आम्हांस कळावयाचे नव्हते, आणि ते विचारण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे तहसीलदार व्हाल, कोणी पंच, कोणी जवान, कोणी पशुवैद्य, कोणी आमच्यासारखे शिक्षक. केव्हा तरी एखाद्या फाटकाशी वही घेऊन बसण्याची पाळी तुमच्यावर येईल. नियम काय सांगतो ते त्या वेळी अवश्य पाहा; पण त्या वहीत दोन ओळी अधिक आखून ठेवण्याचे काम पाऊस पडण्याआधीच करा. आज घरी गेल्यावर गोठ्यात किंवा अंगणात एक फेरी मारा. दाव्याची गाठ अंधारात, घाईत, एका हाताने सुटेल अशी आहे की नाही, एवढे पाहून या. सुटत नसेल तर ती आजच बदला.